आटलेला कोट

ड्रायर कोणामुळे जळला यावरून भांडण झालं, त्या ड्रायरच्या प्रकरणापासून थोरले आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते, भरपूर बोलत होते, पण थेट नाही. दिवसभर एकाच लॉन्ड्रीत वावरायचं आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या सख्ख्या भावाला किंवा बहिणीला निरोप मात्र सुनेमार्फत द्यायचा, अशी पद्धत पडून गेली होती. "सूनबाई, दादाला सांग, साबण संपत आलाय." "सूनबाई, तिला सांग, मला डोळे आहेत." थोरल्यांच्या सुनेने सुरुवातीला हे निरोप खरोखर दिले. मग तिच्या लक्षात आलं की दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येतं, फक्त मधल्या माणसाने होकार दिल्याशिवाय ऐकल्याचं कबूल करणं कोणाच्याच इभ्रतीत बसत नाही. तेव्हापासून ती नुसतं "बरं" म्हणायची, आणि तेवढ्यावर निरोप पोचला असं धरलं जायचं.

घरच्या मदतनिधीच्या सभेच्या दिवशी ती एकदा "बरं" म्हणायला विसरली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

सभा नेहमीप्रमाणे मागच्या इस्त्रीच्या खोलीत होती. आप्पांचा, म्हणजे थोरल्यांच्या वडिलांचा, तसा दंडकच होता. सभा इस्त्रीच्या खोलीत, आणि ठराव सगळ्यांचे हात वर गेले तरच मंजूर. आप्पा स्वतः परमुलखातून या शहरात आले होते. पहिल्या रात्री स्टेशनच्या बाकावर कुडकुडत पडले असताना कोणीतरी अंगावर ब्लँकेट टाकलं, ते त्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं. लॉन्ड्री उभी राहिल्यावर त्यांनी निधी काढला आणि शहरात नव्याने येणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायला सुरुवात केली. आप्पा गेले, ब्लँकेटं चालू राहिली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'आप्पांच्या स्मरणार्थ' अशी पट्टी असायची, आणि ती सरळ शिवली आहे की नाही हे थोरले जातीने बघायचे.

यंदा सुनेने नवा ठराव आणला होता. स्थलांतर कचेरीच्या फाटकाबाहेर, बाहेरून आलेल्या लोकांना फुकट कायद्याची मदत देणारा एक कक्ष होता. कक्ष हा शब्द मोठा झाला. एक घडीचं टेबल आणि त्यामागे एक तरुण वकील, एवढाच कक्ष. त्याचे पैसे महिनाअखेर संपत होते. निधीतले अर्धे पैसे ब्लँकेटांना आणि अर्धे त्या टेबलाला द्यावेत, असं सुनेचं म्हणणं. शिवाय कचेरीचे नियम माणसाला झेपतील असे व्हावेत म्हणून हा कक्ष सरकारदरबारी खेटे घालत होता, त्यालाही निधीने जाहीर पाठिंबा द्यावा.

"जाहीर" या शब्दावर थोरल्यांनी असा चेहरा केला की शेजारी बसलेल्या डॉक्टरांना धंद्याच्या सवयीने त्यांची दाढ तपासावीशी वाटली. डॉक्टर म्हणजे थोरल्यांचे धाकटे भाऊ, दातांचे. त्यांची ख्याती अशी की त्यांच्याशी शेवटचं जो बोलेल त्याचं मत ते त्यांचं मत. सुनेने मुद्दाम त्यांना गाडीतून आणलं होतं, त्यामुळे तूर्त ते ठरावाच्या बाजूचे होते. आत्या थोरल्यांच्या बाजूची होती. बहीणभावात बाकी विस्तव जात नव्हता, पण ब्लँकेटांच्या बाबतीत एकी होती. राहता राहिला सुनेचा नवरा. तो सभेच्या दिवशी कपडे पोचवायला नेहमी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा.

"अगं, स्थलांतर कचेरी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक," थोरले सुनेला समजावत होते. "शिपायापासून साहेबापर्यंत गणवेश आपल्याकडे. पडदे आपल्याकडे. त्यांचेच कपडे धुवायचे आणि त्यांच्याच नावाने शंख करायचा?"

"शंख नाही, बाबा. नियम सोपे करा एवढंच म्हणायचंय."

"म्हणजे शंखच."

तेवढ्यात पाहुण्या आल्या. कक्षाच्या वतीने बोलायला एक टेलरबाई यायच्या होत्या. त्या स्वतः परमुलखातून आलेल्या, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. बाई चांगल्या उंच, आडव्या आणि ठणठणीत आवाजाच्या. अंगात हिरव्या बाटलीच्या रंगाचा लोकरी कोट होता, आणि तो त्यांनी स्वतः शिवला आहे हे त्यांनी नमस्कारांच्या आधी सांगितलं.

थोरल्यांची नजर कोटाच्या बाहीवर गेली. बाहीवर कॉफीचा डाग होता. आता थोरले डाग बघून गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. लग्नाच्या बोलणीत त्यांनी एका डागापायी सुनेच्या वडिलांचा सदरा उतरवून घेतला होता.

"बाई, कोट द्या. चहा होईपर्यंत डाग गेलेला असेल."

"अहो, राहू द्या. सवय आहे मला डागांची."

"मला नाही ना!" असं म्हणून थोरल्यांनी कोट काढून घेतला. भिंतीवर 'खिसे तपासा' अशी पाटी होती. थोरल्यांनी तिचा मान राखून सगळे खिसे उलटे केले. एक दोऱ्याची बॉबिन, बसचं तिकीट आणि खोकल्याची गोळी निघाली. तिन्ही वस्तू त्यांनी बशीत ठेवून टेलरबाईंपुढे अदबीने धरल्या. मग कोट मशीनच्या खोलीत नेला, डागाच्या टेबलावर पसरला, बाहीला फेस लावला आणि परत येता येता छताकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, टेबलावरच्या कोटाला हात लावू नको. फेस मुरतोय."

आत्या तिथेच कपडे मोजत उभी होती. तिने ऐकलं. पण सूनबाई त्या क्षणी टेलरबाईंना खुर्ची देत होती, तिच्या तोंडून "बरं" आलं नाही. आत्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण शिस्त म्हणजे शिस्त. निरोप आला नाही, म्हणजे निरोप नाही. आणि आत्याच्या हाताखालचं टेबल कधी भरलेलं राहायचं नाही. गणवेशांची खेप मशीनमध्ये भरता भरता टेबलावर जे काही होतं ते तिने न बघता एका कवेत उचललं आणि आत ढकललं. कडक गरम पाणी. दार बंद. हात पुसत ती सभेला येऊन बसली. आपण काय केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

इस्त्रीच्या खोलीतून काचेपलीकडे मशीनची खोली दिसायची. डॉक्टर नेमके त्या काचेसमोर बसले होते. सभांमध्ये त्यांना नेहमीच फिरत्या मशीनचा आधार वाटायचा. आज मात्र त्यांच्या लक्षात आलं की राखाडी गणवेशांच्या गर्दीत काहीतरी हिरवं फिरतंय. वर येतं, काचेला चिकटतं, जातं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण "तू लोकांची तोंडं उघड, स्वतःचं मिटून ठेव" असं ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते, आणि थोरल्यांचं भाषण नुकतंच रंगात आलं होतं. डॉक्टरांनी तोंड मिटलं.

"मी म्हणतो, वकील लागतोच कशाला?" थोरले काचेकडे पाठ करून म्हणाले. त्यांच्या डोक्यामागे हिरवं वर आलं आणि गेलं. "माणसाने आपले कागद नीट सांभाळावेत. रांगेत उभं राहावं. काम होतं! कागद हरवतात ते निष्काळजी लोक. निष्काळजीपणाला निधीने पैसे का द्यावेत?"

"हे मात्र खरंय," डॉक्टर म्हणाले. सुनेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मशीनकडे बघू लागले.

"तुमचं बोलणं पटलं बरं का मला," टेलरबाई म्हणाल्या. सगळे चमकले. "कागद सांभाळलाच पाहिजे. पण साहेब, सांभाळूनही भागत नाही. माझंच घ्या. उद्या सकाळी माझी मुदतवाढीची तारीख आहे. परवान्याची मूळ प्रत दाखवली तर मुदतवाढ. ती झाली तर नोकरी, नोकरी राहिली तर खोली, आणि खोली राहिली तर लेकीची शाळा. सगळं त्या एका कागदावर. आणि खिडकीवरचा माणूस दर वेळी नवं काहीतरी मागतो. मागच्या खेपेला ती वकील पोरगी शेजारी उभी राहिली म्हणून निभावलं."

"पण कागद आहे ना तुमच्याकडे? मग!" थोरले विजयी मुद्रेने म्हणाले.

"आहे म्हणजे काय! घरात ठेवला तर चोरी, पर्समध्ये ठेवला तर पाकीटमार. मी आपला कोटाच्या अस्तरात शिवून टाकलाय. तुम्ही एवढे खिसे उलटे केलेत, तुम्हाला तरी लागला का हाताला?" बाई अभिमानाने हसल्या. "थांबा, दाखवतेच. कुठाय माझा कोट?"

सगळ्यांनी काचेतून डागाच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल लख्ख रिकामं होतं.

डॉक्टरांनी बोट वर केलं. "ते हिरवं... तो कोट होता का?"

"दादा!" आत्या किंचाळली. ड्रायरच्या प्रकरणानंतरची तिची ही पहिली थेट हाक. "तो कोट बाईंचा होता?"

"मी सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून!"

"मला कुठे सांगितलंस? हिला सांगितलंस!"

"तुलाच ऐकवत होतो!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

सगळे मशीनकडे धावले. पण गरम पाण्याची खेप एकदा लागली की दार मध्येच उघडत नाही. मशीन आपल्या लयीत फिरत होतं आणि घरातली सगळी शहाणी माणसं त्याच्यासमोर हात बांधून उभी होती. टेलरबाई काचेला नाक लावून बघत होत्या. कचेरीतल्या साहेबांच्या गणवेशांच्या बाह्या त्यांच्या कोटाच्या गळ्यात पडत होत्या, सुटत होत्या, पुन्हा पडत होत्या.

कोट बाहेर आला तेव्हा तो चांगलाच आटला होता. टेलरबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली, अस्तर उसवलं आणि आतून ओल्या कागदाचा एक गोळा काढला. कचेरीच्या शिक्क्याची थोडी निळाई तेवढी त्याच्यावर राहिली होती. सुनेला वाटलं, आता बाई आरडाओरडा करतील. केला असता तर बरं झालं असतं. बाई इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या की तो आवाज त्यांचा वाटेना.

"लेक घरी आली असेल एव्हाना. तिला काय सांगू मी?"

सुनेला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

थोरल्यांनी फोन उचलला. आपल्या शब्दाला कचेरीत वजन आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "साहेबांना द्या. लॉन्ड्रीवाले बोलतायत म्हणावं." पलीकडून काहीतरी आलं. "नाही, नाही, गणवेश तयार आहेत. पडदेही... अहो, पडद्यांसाठी नाही फोन केला! एक परवाना आहे, आमच्या हातून जरा... धुतला गेला." बराच वेळ ते ऐकत राहिले. मग फोन खाली ठेवून म्हणाले, "गणवेशांना स्टार्च कमी पडतो म्हणाले. आणि परवान्यासाठी उद्या रांगेत या म्हणाले. ज्याने खराब केला त्याने स्वतः यायचं."

"बघ," आत्या म्हणाली. "तुझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक."

आप्पांचा आणखी एक दंडक होता, आणि तो या खोलीत सगळ्यांनाच आठवत होता, फक्त काढायचा कोणी हा प्रश्न होता. गिऱ्हाइकाचा कपडा ज्याच्या हातून बिघडेल त्याने तो, गिऱ्हाइकाचं समाधान होईपर्यंत, स्वतःच्या अंगात घालायचा. तरुणपणी आत्या बँडमास्तरचा आटलेला लाल कोट घालून आठवडाभर गल्ल्यावर बसली होती, आणि तिला बघायला मुद्दाम गिऱ्हाइकं यायची.

"मशीनमध्ये मी टाकला," आत्या म्हणाली. "मी घालते."

"अंगातून मी काढून घेतला," थोरले म्हणाले. "आण इकडे."

कोट ओला होता तरी त्यांनी घालून पाहिला. थोरले बुटके आणि गोल. कोट आटून त्यांना लांबीला बरोबर झाला होता, पण बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या आणि पोटावर बटणं एकमेकांची ओळखही दाखवत नव्हती. टेलरबाईंनी डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिलं. "खांद्यात ठीक बसलाय," त्या म्हणाल्या. कारागीर माणूस, राहवलं नाही.

आत्याने एकदम हात वर केला. "ठराव. माझं मत त्या टेबलाला."

सुनेचा हात वर होताच. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं, शेवटचं कोण बोललं याची खात्री केली आणि हात वर केला. सगळे थोरल्यांकडे बघू लागले. थोरल्यांचे हात, आटलेल्या बाह्यांतून बाहेर आलेले, मांडीवरच राहिले.

"हे बघा. चूक माझी. उद्या मी जाईन, हा कोट घालून जाईन, या बाईंचं काम करून आणीन. पण भरपाई वेगळी आणि ठराव वेगळा. आप्पांना ब्लँकेट मिळालं होतं, आपण ब्लँकेट देतो. त्याच्यापुढे जाऊन गिऱ्हाइकाशी वाकड्यात शिरायचं मला पटत नाही."

"दादा, ब्लँकेटाची गोष्ट तू रंगवून सांगतोस," आत्या म्हणाली. "पुढची का नाही सांगत? समोरच्या छत्रीवाल्याने आपलं दुकान बंद ठेवून आप्पांबरोबर खिडकीशी हेलपाटे घातले, तेव्हा त्यांना इथे राहता आलं. आपण सगळे त्या छत्रीवाल्यामुळे इथे आहोत. नुसत्या ब्लँकेटावर आप्पांना ऊबदार होऊन परत जावं लागलं असतं."

थोरल्यांनी तरीही हात वर केला नाही. ठराव बारगळला. सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले, टेलरबाई आणि सूनबाई कचेरीच्या फाटकाशी हजर झाले. गार वारा सुटला होता. रखवालदाराने थोरल्यांना अडवलं. थोरल्यांची नजर त्याच्या पँटवर गेली. सुरीसारखी घडी. घडी आपली होती आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

"मी लॉन्ड्रीवाला," थोरले हसून म्हणाले.

"मग मागचं दार. कपडे तिकडून."

"कपडे नाही आणले. काम आहे."

"काम असेल तर रांगेत लागा, आजोबा."

रांग फाटकापासून कोपऱ्यापर्यंत होती आणि कोपऱ्यापलीकडेही होती. थोरले उभे राहिले. काल इस्त्रीच्या खोलीत 'रांग' हा शब्द त्यांनी किती सहज वापरला होता! रांगेत बाया होत्या, कडेवर पोरं होती, आणि सगळ्यांच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. कोणी कोणाच्या कोटाकडे बघून हसत नव्हतं. थोरल्यांना त्याचं आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं.

खिडकी आली तेव्हा त्यांचे पाय भरून आले होते. त्यांनी कागदाचा वाळलेला गोळा पुढे ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली, मशीनच्या तापमानासकट.

"हा मूळ परवाना नाही," खिडकीतला माणूस म्हणाला.

"हाच आहे. फक्त धुतलाय."

"वाचता येत नाही. नवा घ्यायला अर्ज करा. अर्जासोबत मूळ परवाना जोडा."

"अहो, मूळ असता तर नवा कशाला मागितला असता?"

"ते मी सांगू शकत नाही. पुढचे!"

थोरले खिडकीसमोर तसेच उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांना गल्ल्याच्या या बाजूने कोणी "पुढचे" म्हटलं नव्हतं. टेलरबाईंनीच त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. "चला, साहेब. माझं नेहमीचंच आहे हे," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर थोरले भिंतीला टेकले. उघड्या मनगटांना वारा झोंबत होता. इतक्यात एक स्वयंसेवक मुलगी आली आणि काही विचारायच्या आत तिने त्यांच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलं.

"आजोबा, नवीन आलात? आणखी काही हवंय का?"

थोरल्यांनी ब्लँकेटाचा कोपरा हातात घेतला. पट्टी सरळ शिवलेली होती. 'आप्पांच्या स्मरणार्थ.'

"वकील हवाय," ते म्हणाले.

"ती काय, त्या टेबलाशी. पण लवकर गाठा हं, महिनाअखेरीपर्यंतच आहे तो कक्ष. पुढचे पैसे देणारी मंडळी अजून विचार करतायत म्हणे."

"कोण मंडळी?"

मुलीने त्यांच्या हातातल्या पट्टीवर बोट ठेवलं. "हीच की. ब्लँकेटवाली."

सूनबाईने जमिनीकडे बघत ओठ चावले. थोरले टेबलाकडे चालू लागले.

तिथली वकील मुलगी थोरल्यांच्या नातीच्या वयाची असेल. तिने कागदाचा गोळा पाहिला, कोट पाहिला आणि एकदाही हसली नाही. थोरल्यांचा जबाब लिहून घेतला, त्यांची सही घेतली, टेलरबाईंना घेऊन खिडकीशी गेली आणि कुठल्याशा नियमाचा आकडा म्हणाली. खिडकीतला माणूस सुस्कारा टाकून उठला. परतल्या तेव्हा टेलरबाईंच्या हातात मुदतवाढीसकट तात्पुरता परवाना होता, शिक्क्याची शाई अजून ओली. भर रस्त्यात त्यांनी सूनबाईला मिठी मारली आणि हमसून हमसून रडल्या.

"आता हा कुठे ठेवू?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"अस्तरात नको," थोरले म्हणाले.

मग ते फाटकासमोर थांबले. ब्लँकेट सुनेच्या हातात दिलं आणि उजवा हात सरळ वर केला. काखेतली शिवण टर्रकन उसवली.

रखवालदार धावत आला. "काय झालं, आजोबा? काय पाहिजे?"

"काही नको," थोरले हात तसाच ठेवून म्हणाले. "काल एक मत द्यायचं राहिलं होतं. सूनबाई, घरी सांग सगळ्यांना."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग या वेळी अजिबात न विसरता ती म्हणाली, "बरं."